अन्ननलिकेचा कॅन्सर: छाती उघडली म्हणजे सर्जन कसाई?

घोडबंदरकर: सोसायटीच्या ग्रुपवर एका महाभागाने टाकलंय, 'अन्ननलिकेच्या कॅन्सरला आजही छाती उघडतो तो सर्जन नव्हे, कसाई. दुर्बिणीने करत नसतील तर हॉस्पिटल बदला.' डोकंच फिरलं. माझ्या बाबांचं ओपनच झालं. अन्ननलिका काढली, तिच्या जागी जठराची नळी करून वर ओढली, आजूबाजूच्या लसिका गाठी साफ केल्या. आज उपवनला फेऱ्या मारतात. आतलं काम दोन्हीकडे तेच. सर्जनचा हात बघा, भोकं काय मोजता?

वाशीची_सून: हाताचं मान्य. पण बरगड्या फाकवल्यावर माणसाला खोकता येत नाही, कफ साठतो. सासऱ्यांना ते तीन गोळ्यांचं श्वास ओढायचं यंत्र दिलेलं. पहिली गोळीही हलेना, डोळ्यांतून नुसतं पाणी. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातली २०१२ची 'टाइम' चाचणी वाचा. पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग ओपनमध्ये २९ टक्के, दुर्बिणीत ९.

घोडबंदरकर: पेशंट किती? ११५! आणि तीन वर्षांनी जगण्यात ठोस फरक नाही, ते सोयीस्कर गाळलंत.

वाशीची_सून: जगणारच आहे म्हणून न्यूमोनिया भोगायचा? छान.

कळवा_फास्ट: भांडा तुम्ही. ठरवणार टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारे. मामांचं रोबोटिक झालं, कॅशलेस मंजूर होतं. डिस्चार्जला कपडे घालून बसले, तेव्हा कळलं सब-लिमिट आहे, म्हणजे त्या उपचाराला कंपनी ठरावीक रकमेपर्यंतच देणार. मामी बांगड्या चाचपत काउंटरवर उभी.

नेरुळ_पूर्व: पॉलिसी वाचायची ना आधी. २०२० पासून रोबोटिक कव्हर करावंच लागतं, पण मर्यादा घालायची मुभा कंपनीला आहे.

कळवा_फास्ट: ते बारीक अक्षर वाचायलाच दुर्बीण लागते, साहेब. एजंट आहात का?

नेरुळ_पूर्व: होतो. म्हणूनच सांगतोय. लेखी तक्रार करा, नाही ऐकलं तर विमा लोकपाल.

कळवा_फास्ट: होतो! तरीच. पॉलिसी विकताना का नाही सांगत हे?

वाशीची_सून: मेडिक्लेमचा वेगळा धागा काढा हो!

आयसीयू_नाइट: मधला मार्ग कुणी बोलेना. पोट दुर्बिणीने, छाती उघडून. फ्रान्सची 'मिरो' चाचणी, २०१९: मोठी गुंतागुंत ३६ टक्के, पूर्ण ओपनमध्ये ६४. पण जठर आणि अन्ननलिकेचा शिवलेला जोड गळाला की कुठल्याही पद्धतीत हालच. तुमचे डॉक्टर वर्षाला किती अन्ननलिका करतात ते विचारा, आणि पेशंटची बिडी आधी सोडवा.

घोडबंदरकर: बरं सूनबाई, फुप्फुसांचा मुद्दा तुमचा. 'कसाई' मात्र त्या महाभागाने मागे घ्यायचं.

कळवा_फास्ट: नेरुळवाले, लोकपालाकडे कागद कुठले लागतात?