मेसोपोटेमियाची मोहीम, १९१४: अबादानचे तेल की बड्या सत्तांची स्पर्धा?

कृष्णाकाठ

ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून सहाव्या पूना डिव्हिजनची पहिली ब्रिगेड इराणच्या आखाताकडे रवाना झाली, तेव्हा ब्रिटन आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध सुरूही झालेले नव्हते. ब्रिगेडियर जनरल डेलामेन यांच्या हाताखालच्या या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती, आणि मागून आलेल्या ब्रिगेडींमध्ये १०३ वी व ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. ब्रिटनने ५ नोव्हेंबरला युद्ध जाहीर केले, ६ तारखेला हे सैन्य तुर्की अमलाखालच्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, फाओला उतरले आणि महिना संपण्याआधी बसरा ब्रिटिशांच्या ताब्यात आले. जवळच इराणच्या हद्दीत असलेला अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना, तेथील टाक्या आणि नळवाहिनी यांचे रक्षण करणे हे काम डेलामेन यांना मिळालेल्या हुकमांत लिहिलेले होते. या मोहिमेचे मूळ कारण तेल हेच होते, असे माझे मत आहे. शालेय इतिहासात ही मोहीम 'तुर्कांविरुद्धची आघाडी' एवढ्या दोन शब्दांत आटोपली जाते, ते मला अपुरे वाटते.

आधीच्या तेरा वर्षांचा क्रम पाहावा. १९०१ साली विल्यम नॉक्स डार्सी यांनी इराणच्या शहाकडून तेल काढण्याचा मक्ता मिळवला. १९०८ साली मस्जिद-ए-सुलेमान येथे तेल लागले आणि १९१२ साली अबादानचा कारखाना सुरू झाला. त्याच सुमारास ब्रिटिश नौदलाने 'क्वीन एलिझाबेथ' वर्गाच्या नव्या युद्धनौका कोळशाऐवजी केवळ तेलावर चालवण्याचे ठरवले. कोळसा ब्रिटनच्या स्वतःच्या खाणींत मुबलक होता, तेल मात्र परमुलखातून आणावे लागणार होते. म्हणून जून १९१४ मध्ये नौदलमंत्री चर्चिल यांनी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग सुमारे २० लाख पौंडांना सरकारने विकत घ्यावेत, यासाठी पार्लमेंटची मंजुरी घेतली. एखादे सरकार कंपनीचे मालक होते आणि पाच महिन्यांच्या आत त्याच कंपनीच्या कारखान्यासमोरच्या खाडीत फौज उतरवते, या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही असे म्हणायचे असेल, तर पुराव्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर आहे.

अभिलेखवाचक

कृष्णाकाठ यांनी दिलेल्या तारखा बरोबर आहेत. तो भार मी उचलतो, कारण आपल्या प्रतिपादनात दोन कागद वगळले गेले आहेत आणि ते दोन्ही आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जातात.

पहिला कागद चर्चिल यांचाच आहे. सप्टेंबर १९१४ च्या सुरुवातीला अबादानच्या रक्षणासाठी सैन्य पाठवण्याचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी असा शेरा दिला की या कामासाठी सैन्य मिळण्याची शक्यता फारशी नाही, हिंदी सैन्य निर्णायक ठिकाणीच वापरले पाहिजे आणि वेळ पडल्यास तेल दुसरीकडून विकत घ्यावे लागेल. जून महिन्यात ज्यांनी कंपनी विकत घेतली, तेच तीन महिन्यांनी ती वाऱ्यावर सोडायला तयार होते. ते शक्यही होते, कारण त्या वेळी ब्रिटनला लागणारे बहुतेक तेल अमेरिकेतून येत होते आणि इराणचे उत्पादन अजून बाल्यावस्थेत होते.

दुसरा कागद इंडिया ऑफिसचे, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधील खात्याचे, लष्करी सचिव सर एडमंड बॅरो यांचा, २६ सप्टेंबर १९१४ चा. टायग्रिस आणि युफ्रेटिस मिळून आखाताला जाणाऱ्या शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी फौज पाठवावी हे सुचवताना त्यांनी मोकळेपणाने लिहिले की वरकरणी कारण तेलाच्या कारखान्याच्या रक्षणाचे असेल, परंतु खरा हेतू तुर्कांना आपला निर्धार कळावा आणि आपण अरबांच्या पाठीशी उभे राहू हे त्यांना दिसावे, हा आहे. मोहिमेची कल्पना ज्याच्या मेजावर जन्मली, तोच माणूस तेलाला निमित्त म्हणतो आहे. आपण ज्या हुकमाचा दाखला दिलात, तो या टिपणानंतरचा आहे, हेही ध्यानात घ्यावे.

ब्रिटिशांना आखात महत्त्वाचे वाटू लागले, ते तेलामुळे नव्हे. १८९९ साली कुवेतच्या शेखशी गुप्त करार झाला, तेव्हा इराणमध्ये तेल लागायला नऊ वर्षे बाकी होती. मे १९०३ मध्ये परराष्ट्रमंत्री लॅन्सडाउन यांनी, आखातात कोणत्याही परक्या सत्तेने नाविक तळ उभारल्यास ब्रिटन सर्व शक्तीनिशी प्रतिकार करील, असे जाहीर केले. त्यांच्या डोळ्यांसमोर रशिया होता आणि बगदादपर्यंत लोहमार्ग नेऊ पाहणारा जर्मनी होता. त्यात १९१४ साली तुर्कस्तानचा सुलतान खलिफा या नात्याने जिहाद पुकारील आणि त्याचे पडसाद हिंदुस्थानात व अफगाणिस्तानात उमटतील, ही धास्ती जोडली गेली. १९१५ साली जनरल टाउनशेंड यांना बगदादवर धाडले गेले, ते तर गॅलिपोलीच्या फसलेल्या मोहिमेत गेलेली पत कुठेतरी भरून काढायची म्हणून. बगदादच्या आसपास राखण्याजोगी एकही तेलविहीर नव्हती. केवळ तेल राखायचे असते, तर सैन्य बसऱ्याला थांबले असते आणि कूत येथे वेढलेल्या फौजेच्या शरणागतीची शोकांतिका घडलीच नसती.

सह्यकडा

अभिलेखवाचक यांचा १९१४ आणि १९१५ बद्दलचा पुरावा भक्कम आहे, पण त्यांनी कथा बरोबर त्यांच्या सोयीच्या जागी थांबवली. फेब्रुवारी १९१५ मध्ये तुर्कांच्या चिथावणीने इराणातील टोळ्यांनी तेलाची नळवाहिनी तोडली. त्यानंतर वसंत ऋतूत जनरल गॉरिंज यांच्या हाताखाली फौजेचा मोठा भाग कारून नदीच्या खोऱ्यात, तटस्थ इराणच्या हद्दीत, त्या टोळ्यांना हुसकून लावण्यासाठी पाठवला गेला आणि जूनच्या सुमारास तेल पुन्हा वाहू लागले. निमित्त म्हणून पुढे केलेल्या वस्तूसाठी कोणी ऐन युद्धात इतके सैन्य खर्ची घालत नाही.

मुख्य गोष्ट मात्र पुढेच आहे. १९१७ साली जर्मन पाणबुड्यांनी तेलवाहू जहाजे बुडवण्याचा सपाटा लावला आणि ब्रिटिश नौदलाला इंधनाची प्रत्यक्ष चणचण भासली. अमेरिकेतून विकत घेऊ, हा चर्चिल यांचा १९१४ चा हिशेब तिथे कोलमडला. जुलै १९१८ मध्ये ॲडमिरल स्लेड यांनी इराण व मेसोपोटेमियातील तेलसाठ्यांवर टिपण लिहिले. युद्धमंत्रिमंडळाचे सचिव मॉरिस हँकी यांनी ते उचलून धरले आणि हे साठे ताब्यात घेणे हे ब्रिटनचे पहिल्या प्रतीचे युद्धोद्दिष्ट मानावे, असे परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांना कळवले. हे उद्दिष्ट फारच साम्राज्यवादी दिसेल असा संकोच बाल्फोर यांनी आधी दाखवला. पुढे ऑगस्टमध्ये त्यांनी भूमिका घेतली की तेल कोणत्या व्यवस्थेखाली आपल्याकडे राहते याची आपल्याला चिंता नाही, पण ते उपलब्ध असलेच पाहिजे.

आता हा पत्रव्यवहार जमिनीवर कसा उतरला ते पाहा. उत्तर मेसोपोटेमियातील तेलाच्या प्रदेशातले मुख्य शहर मोसुल, त्याच्या दक्षिणेला टायग्रिसच्या काठी शर्कात नावाचे गाव आहे. २९ ऑक्टोबर १९१८ रोजी, म्हणजे तुर्कस्तानशी शस्त्रसंधी होण्याच्या आदल्या दिवशी, ११४ वी मराठा पलटण तिथे तुर्की सैन्याशी लढत होती. बेळगावच्या मराठा केंद्रात त्या लढाईच्या स्मरणार्थ शर्कात दिन पाळतात. तुर्कस्तान शरणागतीच्या वाटाघाटी करत असताना आमच्या पलटणी मोसुलच्या दिशेने इतक्या घाईने का ढकलल्या जात होत्या? ३० तारखेला मुद्रोसच्या शस्त्रसंधीवर सह्या झाल्या, तेव्हा मोसुल शहर तुर्कांकडेच होते, आणि शस्त्रसंधीनंतर, नोव्हेंबरात, ब्रिटिशांनी ते रिकामे करवून घेतले. शस्त्रसंधीनंतर घेतलेल्या प्रदेशाला 'आघाडीची गरज' हे कारण देता येत नाही.

जमाखर्च

वरील तिन्ही प्रतिसाद मी लक्षपूर्वक वाचले. तिघांचीही दृष्टी लंडनच्या मेजावरच्या कागदांवर आहे, म्हणून मोहीम ज्यांनी चालवली आणि ज्यांच्या खर्चाने चालली, त्या हिंदुस्थान सरकारचा हेतू कोणीच विचारात घेतलेला नाही.

मेसोपोटेमियाची मोहीम सुरुवातीची दीड वर्षे सिमला आणि दिल्लीहून चालवली जात होती. तिथल्या अधिकाऱ्यांना तेलापेक्षा जमीन अधिक खुणावत होती. पुढे बगदादचे हंगामी मुलकी आयुक्त झालेले आर्नल्ड विल्सन यांनी १९१४ मध्येच लिहिले होते की मेसोपोटेमिया हिंदुस्थानला जोडावा, त्याचा कारभार हिंदुस्थान सरकारने पाहावा आणि पंजाबातील लढवय्या जातींना तिथल्या ओसाड मैदानांत वसवावे. म्हणजे एका साम्राज्याच्या आत दुसरे, दुय्यम साम्राज्य उभे राहत होते.

खर्चाचीही वाटणी पाहावी. सैन्य हिंदुस्थानात असते तर जो नेहमीचा खर्च झाला असता, तो हिंदी तिजोरीने सोसायचा आणि वरचा खर्च ब्रिटनने द्यायचा, अशी व्यवस्था होती. त्यावर १९१७ साली हिंदुस्थानच्या माथी १० कोटी पौंडांची 'देणगी' मारण्यात आली. माणसे तर पाच लाखांहून अधिक पाठवली गेली, त्यांत लढणाऱ्यांबरोबर हमाल, खेचरवाले आणि पाणके होते. बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईनंतर जखमींना घेऊन 'मेजिदिया' ही बोट बसऱ्याला आली, तेव्हा दुरून तिच्या कठड्यांवरून दोर लोंबत असल्यासारखे दिसत होते. जवळ आल्यावर कळले की तो माणसांच्या विष्ठेचा वाळलेला ओघळ आहे, कारण जखमींना हलायला जागाच नव्हती. हे इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या मेजर कार्टर यांनी नोंदवले आणि त्याबद्दल वरिष्ठांचा रोष ओढवून घेतला. कूतच्या वेढ्यात बहुतेक हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस खाण्यास कित्येक आठवडे नकार दिला. हिंदुस्थानातील धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने आली, तेव्हा कुठे ते खाऊ लागले, आणि तोवर त्यांची शरीरे खंगून गेली होती. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले आणि सुमारे १३,००० माणसे कैद झाली. त्यांत आपल्या १०३ व्या, ११० व्या आणि ११७ व्या पलटणींचे शिपाई होते. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत महायुद्धाला किती माणसे गेली आणि किती मेली, एवढे दोनच आकडे कोरलेल्या संगमरवरी पाट्या आजही भिंतीत दिसतात. ती माणसे कशासाठी गेली, हे त्या पाट्यांवर नाही. आपण इथे जे वाद घालत आहोत, त्याचे उत्तर त्यांना कोणी दिले नव्हते आणि विचारण्याचा अधिकारही दिला नव्हता.

कृष्णाकाठ

जमाखर्च यांनी लिहिलेले मला पूर्णपणे मान्य आहे, आणि त्यामुळे माझे मूळ म्हणणे कमकुवत होत नाही. अभिलेखवाचक यांना उत्तर देतो.

बॅरो यांचे टिपण एका अधिकाऱ्याची भूमिका सांगते. मंत्रिमंडळाने, इंडिया ऑफिसने आणि नौदलाने ती मोहीम मान्य केली, त्यांपैकी प्रत्येकाचे कारण वेगळे असू शकते. तेल हे निमित्त म्हणून पुढे करता आले, याचाच अर्थ असा की ते राखणे योग्यच आहे, याबद्दल लंडनमध्ये कोणाचेही दुमत नव्हते. अमेरिकेच्या तेलाबद्दल म्हणाल, तर त्या अवलंबित्वाची भीती हीच कंपनी विकत घेण्यामागची प्रेरणा होती. अमेरिकन आणि डच कंपन्या उद्या दर ठरवतील आणि नौदलाला ते मुकाट्याने मोजावे लागतील, हे चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये मांडले होते.

जर्मनीच्या बगदाद लोहमार्गाचा उल्लेख झाला, म्हणून एवढेच नोंदवतो की त्या मार्गाच्या सवलतीत लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यातील खनिजांचे हक्कही होते, आणि १९१२ साली स्थापन झालेल्या टर्किश पेट्रोलियम कंपनीत जर्मनीच्या डॉइच बँकेचा हिस्सा होता. आपण तेल आणि बड्या सत्तांची स्पर्धा यांना दोन वेगळ्या रकान्यांत टाकत आहात. मोसुलच्या प्रदेशात १९१४ पूर्वीच ती स्पर्धा तेलाच्याच हक्कांवरून चालली होती.

अभिलेखवाचक

१९१८ च्या मोसुलबाबत सह्यकडा यांचे म्हणणे मी मान्य करतो. १९१४ बाबत माझे मत कायम आहे. एका मोहिमेच्या शेवटी जे हाती लागले, ते तिच्या आरंभी मनात होतेच असे धरून चालणे हा इतिहासलेखनातला मोठा धोका आहे. तो इथे अधिक घातक ठरतो, कारण मग आरंभी तो निर्णय थांबवता आला असता, हे आपल्याला दिसतच नाही. सप्टेंबर १९१४ मध्ये चर्चिल नाखूश होते, फ्रान्सच्या आघाडीला सैन्य हवे होते, आणि तरीही फौज गेली, कारण सत्तेची जरब दाखवण्याची घाई साम्राज्याच्या कारभाऱ्यांना अनावर झाली होती. तेलाची गरज आकड्यांत मोजता येते आणि ती कधीतरी भागतेही. जरब किती दाखवली म्हणजे पुरे, याला मर्यादा नसते, आणि म्हणूनच सैन्य बसऱ्याहून कुर्ना, कुर्नाहून अमारा, अमाऱ्याहून कूत असे पुढे सरकत गेले. प्रत्येक टप्प्यावर पुढचे ठाणे मागच्या ठाण्याच्या संरक्षणासाठी हवे होते.

मोसुलमध्येही स्पर्धेचे रूप बदलले, ती संपली नाही. डिसेंबर १९१८ मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांनी मोसुलवरचा फ्रान्सचा दावा ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्यासाठी सोडला आणि १९२० च्या सान रेमो करारात फ्रान्सला तेलाचा चौथा हिस्सा मिळाला. म्हणजे दोन मित्रराष्ट्रे एकमेकांशी सौदा करत होती, आणि तेल हे त्या सौद्यातले चलन होते.

सह्यकडा

चलन होते, हे आपणच म्हणालात. तुर्कस्तानशी तह ठरवणाऱ्या १९२३ च्या लोझान परिषदेत ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड कर्झन यांनी मोसुलच्या प्रश्नाशी तेलाचा काडीमात्र संबंध नाही, असे जाहीरपणे सांगितले होते. याच कर्झन यांनी नोव्हेंबर १९१८ मध्ये लंडनच्या एका समारंभात, दोस्तराष्ट्रे तेलाच्या लाटेवर तरंगत विजयापर्यंत पोहोचली, असे उद्गार काढले होते. राष्ट्रसंघाने डिसेंबर १९२५ मध्ये मोसुल ब्रिटिश नियंत्रणाखालच्या इराकला दिला आणि ऑक्टोबर १९२७ मध्ये किर्कुकजवळच्या बाबा गुरगुर येथे विहिरीतून तेलाचा फवारा उसळला.

जमाखर्च

ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटन आणि सोव्हिएत रशिया यांनी मिळून तटस्थ इराणवर चाल केली, तेव्हाही दोन्ही कारणे एकत्र होती: अबादानचा कारखाना जर्मनांच्या हाती जाऊ नये आणि रशियाला रसद पोहोचवण्याचा मार्ग खुला व्हावा. बसऱ्याहून शत्त-अल-अरब ओलांडून अबादानवर पहाटे उतरली ती चोविसावी इंडियन ब्रिगेड. सत्तावीस वर्षांनी तीच खाडी, तोच कारखाना आणि पुन्हा हिंदी शिपाई. १९१४ प्रमाणेच त्या वेळीही हिंदुस्थानातील कोणत्याही निवडून आलेल्या सभागृहाला या चालीबद्दल मत विचारले गेले नव्हते.