विजयदुर्गाचा कट्टा आणि हेलियम

इतिहास आणि विज्ञान एकत्र शिकवायला विजयदुर्गासारखी जागा नाही, असं म्हणतात ते शंभर टक्के मान्य. पण 'इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने तिथल्या किल्ल्यातल्या साहेबाच्या कट्ट्यावरून हेलियम वायू शोधला' हे मुलांना तसंच सांगू नका. मीही बरीच वर्षं तेच सांगत होतो. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, त्याचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून गेला, इथवर ठीक. पण ते ग्रहण पाहणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होता आणि लॉकियर चक्क इंग्लंडात. लॉकियरला सूर्याच्या वर्णपटात हेलियमची पिवळी रेषा दिसली २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना! पृथ्वीवर हेलियम सापडायला तर १८९५ साल उजाडलं, रसायनशास्त्रज्ञ रॅमसेच्या हातून.

मला हे शोधायला लावलं सातवीतल्या एका मुलीने. ती म्हणाली, "सर, ऑगस्टात आपल्याकडे सूर्य दिसतो तरी काय?" कोकणातल्या पोरीलाच सुचणार असा प्रश्न. मग दोन तास त्यातच गेले. पाठ्यपुस्तक बाजूला. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत मीठ टाकलं, ज्योत पिवळीधमक झाली. सूर्यप्रकाशातली ती रेषा आधी लोकांना या मिठातल्या सोडियमचीच वाटली होती, पण जागा किंचित सरकलेली होती, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचेही पुढे आले. 'मग कट्टा कोणाचा?' यावर मात्र वर्गात अजून भांडण चालू आहे. मी मुद्दाम मिटवलेलं नाही.