मदत हवी आहे : अहिराणी सुरू केली की लोक हसायलाच लागतात (पबमधलं ओपन माइक)

नमस्कार मंडळी,

मी मूळचा पारोळा तालुक्यातला, सध्या जळगावात एका कृषी केंद्रात कामाला. वय ४२. कविता करतो, निम्म्या अहिराणीत, निम्म्या पुस्तकी मराठीत. आजवर शाळेचं गॅदरिंग, तालुक्याची दोन-तीन कविसंमेलनं आणि हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्या, एवढ्याच ठिकाणी म्हटल्यात. वावरात शेकोटीपाशी, कळण्याची भाकरी मोडत बसलेल्या माणसांसमोर मला कधी घाम फुटला नाही.

आता हायवेलगतच्या एका हॉटेलात दर गुरुवारी ओपन माइक असतं. खाली परमिट रूम, वर गच्चीवर पिवळे दिवे सोडून 'पब' अशी पाटी लावलीय. मालकाचा पुतण्या पुण्याहून परत आलाय, त्याचं हे डोकं. वहीत नाव लिहायचं, प्रत्येकाला पाच मिनिटं.

मागच्या महिन्यात गेलो. नंबर चौथा. कविता मोबाइलवरून वाचत होतो. पहिलं कडवं संपतं न संपतं तोच एका गिऱ्हाइकाचा फोन आला आणि पडद्यावरची कविता गायब. कापायला गेलो तर उचलला गेला, तोही स्पीकरवर. हातातल्या माइकातून अख्ख्या गच्चीने ऐकलं, "शेठ, युरिया उना का?" (आला का?)

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, ते ठीकच. पण खरी अडचण त्याच्या नंतरची आहे. मी पुढची कविता घेतली, आईवरची :

माय आते वावरमा जात नई
पन वावर मायले सोडत नई

यावर पण हसले! चेष्टा नव्हती, मनापासून हसले. अहिराणी कानावर पडली की आपल्याकडे लोक कॉमेडी व्हिडिओ पाहायच्या तयारीने बसतात. 'आते' (म्हणजे आता) म्हटलं की खसखस. पुढचं कडवं आई गुडघे धरून ओट्यावर बसते त्याचं आहे, ते म्हणायची हिंमतच झाली नाही. दोन ओळी गाळून खाली उतरलो.

येत्या गुरुवारी परत नाव दिलंय. तर,

१. अहिराणीतली गंभीर कविता अशा ठिकाणी म्हणावी का? की आधी मराठीत अर्थ सांगावा?
२. पाठ करावी की कागद चालतो? घरी घड्याळ लावलं तर दोन मिनिटं दहा सेकंद लागतात, तिथे दीड मिनिटात उरकली.
३. माइकमध्ये 'भ' आणि 'प' म्हटलं की फटाके फुटतात.
४. वडील माळकरी. त्यांना 'कार्यक्रम आहे' एवढंच सांगितलंय.

---

केळीचा घड : तीन नंबरचं मी सांगतो, मंडपवाल्याकडे आठ वर्षं साउंडवर होतो. माइक तोंडासमोर सरळ धरू नका, हनुवटीच्या बाजूने किंचित तिरपा धरा. 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा झोत निघतो, तो जाळीवर न आदळता बाजूने गेला पाहिजे. ओठापासून तीन-चार बोटं अंतर. मूठ जाळीवर आवळायची नाही, नवीन माणूस हमखास तेच करतो. आणि माइक हातात घेऊन स्पीकरच्या पुढ्यात गेलात की शिट्टी वाजणारच. गेल्या गेल्या स्पीकर कुठे आहेत ते पाहून ठेवा. बाकी कवितेतलं मला कळत नाही.

जुना सूत्रसंचालक : भाऊ, अर्थ आधी सांगू नका. विनोदाचा अर्थ सांगितला की विनोद मरतो, कवितेचंही तेच. 'थोडं अहिराणीत आहे, सांभाळून घ्या' असंही म्हणू नका. तुम्हीच आधी ओशाळलात तर समोरच्याने मान का द्यावा?

मी काय केलं असतं सांगू? पहिली कविता मुद्दाम हसवणारी घेतली असती. युरियाचा किस्साच सांगा ना, तुमच्याच तोंडून. त्यांना अहिराणीवर पोटभर हसू द्या. मग थांबा. पाणी प्या, बाटलीचं झाकण सावकाश लावा. गच्चीवर चमच्यांचा आवाज ऐकू यायला लागला की आईची कविता सुरू करा, पहिल्यापेक्षा हळू आवाजात. 'आते'वर कोणी हसलंच तर हसू द्यायचं, पण तुम्ही हसायचं नाही. दुसरी ओळ त्याच्याकडे बघून म्हणायची. आणि गुडघ्यांचं कडवं गाळू नका हो, ती कविता तिथेच तर आहे.

एक व्यवहाराची गोष्ट : सिझलर घेऊन वेटर निघाला की ओळ अर्धवट असली तरी थांबा. त्या चर्रर्रपुढे कोणाचीच कविता टिकत नाही.

बामणोदचं वांगं : पाठच करा. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळं ओठांवर. मुलाने, सोपानदेवांनी, ते टिपून ठेवलं आणि त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक आलं. तुम्ही पोती मोजता मोजता म्हणा, आठ दिवसांत बसेल. कागद खिशात असू द्या, मोबाइल मात्र नकोच.

(बहिणाबाईंचं नाव काढलं की कोणीतरी त्यांची बोली अहिराणी म्हणतोच, म्हणून आधीच सांगतो, ती आमच्या जळगाव-यावलकडची लेवा बोली. तुमची पारोळ्याची अहिराणी वेगळी. गच्चीवरच्या निम्म्या लोकांना शब्द कळलेच नसतील, नुसता हेल ऐकून हसले असतील.)

ओट्यावरची : चार नंबरचं कोणी बोललंच नाही. दादा, वडिलांना खरं सांगून टाका. जळगावात चार माणसं कुठे बसतात ते आठव्या दिवशी घरी कळतंच, आणि दुसऱ्याच्या तोंडून कळलं की 'कवितेला गेला होता' हे कोणी ऐकून घेत नाही. माझ्या नवऱ्याच्या बाबतीत झालंय, त्याने तर नुसती शेवभाजी खाल्ली होती. हवं तर इतिहास सांगा, १९०७ साली याच जळगावात कविसंमेलन भरलं होतं, धरणगावचा एक कोवळा पोरगा तिथे कविता म्हणायला उभा राहिला आणि 'बालकवी' होऊन घरी गेला. अर्थात तिथे परमिट रूम नव्हती, ते वडील म्हणतीलच.

---

धागाकर्ता : सर्वांचे आभार. काल रात्री वडिलांना सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "मायवरची म्हणशी का तठे?" हो म्हटलं. "मंग पुरी म्हनजो," म्हणाले आणि उठून गेले. जायला हो म्हणाले की नाही, अजून कळलेलं नाही.

वहीत सातवा नंबर मिळालाय. फोन काउंटरवर ठेवणार. आता नवीनच : पुतण्या म्हणतो, तुमच्या कवितेमागे हळू गिटार वाजवतो, माहोल होईल. हो म्हणू का?

जुना सूत्रसंचालक : नको.

केळीचा घड : नको. दुसरा माइक लागेल, परत शिट्टी.