मोंटानाची मुलं कोर्टात गेली ते बरोबरच: तुमचं मत?

रानवाट: अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात १६ मुलांनी २०२० मध्ये स्वतःच्याच सरकारवर दावा लावला. सगळ्यांत धाकटं तेव्हा दोन वर्षांचं होतं. खाणीला किंवा वीजप्रकल्पाला परवानगी देताना हवामानावरच्या परिणामांचा विचार करायला तिथला कायदा आडकाठी करायचा. २०२३ च्या दुरुस्तीनं तर हरितगृह वायूंचा हिशेब मांडायलाच बंदी घातली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायाधीश कॅथी सीली यांनी ती घटनाबाह्य ठरवली. डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध १ मतांनी निकाल उचलून धरला. वणव्याच्या धुरात श्वास कोंडतो मुलांचा, आणि मत द्यायचं वय नाही. त्यांनी दाद मागायची तरी कुठे?

सरळरेघ: आईवडिलांना मत आहे ना? कोळसा ठेवायचा की सोडायचा, हे निवडून आलेल्यांनी ठरवावं. कोलस्ट्रिप हे अख्खं गाव कोळशावर जगतं, त्या घरांचं म्हणणं कोण मांडणार? शिवाय जगाच्या उत्सर्जनात मोंटानाचा वाटा तो केवढा! २१ मुलांचा ज्युलियाना खटला २०१५ चा, थेट केंद्र सरकारविरुद्ध. नवव्या सर्किट न्यायालयानं, म्हणजे तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयानं, २०२० मध्ये सांगितलं की हवामानाचं धोरण ठरवणं हे काम संसदेचं आणि सरकारचं. मला ते पटतं.

रानवाट: ज्युलियानाचा आधार वेगळा होता. अमेरिकेच्या राज्यघटनेत स्वच्छ पर्यावरणाचं कलमच नाही. मोंटानाच्या १९७२ च्या घटनेत ते आहे, आणि त्यात पुढच्या पिढ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ते लिहिलं लोकप्रतिनिधींनी, मंजूर केलं मतदारांनी. वाटा लहान म्हणून हक्क लहान होत नाही. 'माझ्या एकट्यानं काय होणार' असं प्रत्येक राज्य म्हणू शकतं. कोलस्ट्रिपच्या कामगारांची काळजी मलाही वाटते. पण त्यांना दुसरा रोजगार द्यायचा तर धोका किती, हे आधी कागदावर यायला नको का?

माळावरून: आपल्याकडे २०१७ मध्ये नऊ वर्षांची मुलगी हवामानबदलाच्याच प्रश्नावर हरित लवादाकडे गेली होती. २०१९ मध्ये अर्ज निकाली निघाला. पुढे २०२४ मध्ये माळढोकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मध्ये मानला. पण माळढोक पक्षी धडकून मरतात म्हणून उघड्यावरच्या वीजतारांवर घातलेली सरसकट बंदी त्याच निकालात सौरऊर्जेसाठी सैल केली. हक्क मान्य झाला तरी निवड अवघडच राहते.

सरळरेघ: हिशेब मांडू न देणं चूक, हे मान्य. पण परवानगी द्यायची की नाही, ते कोर्टानं ठरवू नये.

रानवाट: ते ठरवलेलं नाहीच. उत्सर्जन घटवण्याचा आराखडा करायला लावा, अशीही मुलांची मागणी होती. ती सीली यांनीच २०२१ मध्ये फेटाळली.