अबॅकसची टोकन्स हेड नोडवर दिसतात, कंप्यूट नोडवर मात्र -१५. आणि स्लर्मचा हिशोबही जुळत नाही

अंबड_सीएई:

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, गरवारे पॉइंटच्या आतल्या बाजूला आमचं छोटं अ‍ॅनालिसिस ऑफिस आहे. प्रेस पार्ट, ब्रॅकेट, वेल्डमेंट असली कामं येतात. एक हेड नोड, ३२ कोअरचे सहा कंप्यूट नोड, सगळीकडे रॉकी लिनक्स ८ आणि वर जॉब रांगेत लावून नोडांवर वाटणारं स्लर्म. अबॅकस या अ‍ॅनालिसिस सॉफ्टवेअरची ४२ टोकन्स आहेत, म्हणजे एका वेळी वापरता येणारी लायसनची एककं. ती वाटणारा फ्लेक्सएलएमचा लायसन सर्व्हर हेड नोडवरच चालतो. मी मुळात मेकॅनिकलची. काळ्या स्क्रीनला न घाबरणारी ऑफिसात एकटीच, म्हणून सिस्टिमचं काम माझ्या गळ्यात.

शनिवारी लाइट गेली. यूपीएसने हेड नोड नीट बंद करण्यापुरता वेळ दिला. सोमवारी सगळं चालू केलं, तेव्हापासून हे असं:

हेड नोडवर एलएमस्टॅट (लायसनची स्थिती दाखवणारी कमांड) मारलं की सर्व्हर अप, ४२ पैकी ० वापरात. कुठल्याही कंप्यूट नोडवरून तेच मारलं की -१५, लायसन सर्व्हरशी जोडता येत नाही. डिझायनर मंडळींच्या विंडोज डेस्कटॉपवरही तेच. गंमत म्हणजे कंप्यूट नोडवरून २७००० पोर्टला टेलनेट केलं तर लागतं. लायसन बसवून देणाऱ्यांना फोन केला तर म्हणाले, फायरवॉल बंद करून टाका. हेड नोडला बाहेरचं इंटरनेट आहे, त्यामुळे माझा हात धजावत नाही.

दुसरी तक्रार लाइट जाण्याच्या आधीपासूनची. स्लर्म डॉट कॉन्फमध्ये लायसन्सेस या ओळीत अबॅकस:४२ लिहिलंय, आणि जॉब टाकताना आम्ही डॅश कॅपिटल एल देऊन १६ टोकन्स मागतो. तरी कधीकधी स्लर्म जॉब सुरू करतो आणि आत अबॅकस टोकनची वाट बघत बसतो. रात्रभर १६ कोअर अडकलेले आणि काम शून्य. स्लर्मला लायसन सर्व्हरचा पत्ता नेमका कुठे द्यायचा?

आणि एक. साहेब रोज विचारतात, "आता पुन्हा नाही ना होणार?" हो म्हणण्याआधी काय काय तपासून घेऊ?

गोदाकाठचा_पेंग्विन:

एसई-लिनक्स (लिनक्सची सुरक्षा-यंत्रणा) परमिसिव्ह, म्हणजे न अडवता नुसती नोंद घेणारं, करून बघितलंत का? आमच्याकडे एकदा तेच निघालं होतं.

सातपूर_रूट:

पेंग्विनभाऊ, एसई-लिनक्सने अडवलं असतं तर डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) उठलाच नसता किंवा लॉगमध्ये बोंब दिसली असती. इथे २७००० लागतोय आणि पुढे गाडी अडतेय. ते दुखणं वेगळं.

ताई, फायरवॉलला हात न लावलात ते बरं केलंत. त्या सल्ल्याने फोन लवकर संपतो, एवढाच त्याचा उपयोग.

फ्लेक्सएलएममध्ये दोन प्रोसेस असतात. एलएमजीआरडी हा गेटवरचा वॉचमन, २७००० वर उभा. तो लायसन देत नाही. आत स्टोअरकीपर कुठल्या खिडकीत बसलाय तेवढं सांगतो. स्टोअरकीपर म्हणजे वेंडर डीमन, तुमच्याकडे अबॅकसएलएम. त्याला पोर्ट ठरवून दिलेला नसेल तर दर रीस्टार्टला तो मिळेल तो मोकळा पोर्ट धरतो. बसवणाऱ्याने त्या दिवशी दिसला तो पोर्ट फायरवॉलमध्ये उघडला असणार. लाइट गेली, डीमन पुन्हा उठला आणि खिडकी बदलली. हेड नोडवर एलएमस्टॅट चालतं कारण तिथे मधे फायरवॉल येतच नाही. लायसनची टेस्ट सर्व्हरवर बसून करण्यात काही अर्थ नाही तो यासाठीच.

आधी खात्री करून घ्या. हेड नोडवर रूटने एसएस डॅश एलटीएनपी मारा आणि अबॅकसएलएम कुठल्या पोर्टवर ऐकतोय ते बघा. मग फायरवॉल-सीएमडीने उघड्या पोर्टांची यादी काढा. आकडे जुळणार नाहीत.

उपाय लायसन फाइलमध्येच आहे. व्हेंडरने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पोर्ट=२७०११ लिहा. २७००० ते २७००९ ही एलएमजीआरडीची स्वतःची ठरलेली रेंज आहे, म्हणून तिच्या बाहेरचा घ्यायचा. सर्व्हरच्या ओळीतलं होस्टचं नाव, पोर्ट आणि व्हेंडर ओळीतला पाथ, पोर्ट एवढं बदललं तर सही बिघडत नाही. होस्टआयडी आणि फीचरच्या ओळींना मात्र बोट लावू नका. मग फायरवॉलमध्ये दोन्ही पोर्ट, डॅश डॅश पर्मनंट घालून, आणि शेवटी रीलोड. पर्मनंट विसरलं तर पुढच्या लाइटला हाच धागा पुन्हा वर येईल.

आता स्लर्म. पत्ता द्यायची सोयच नाही. लायसन्सेसची ती ओळ म्हणजे स्लर्मचा स्वतःचा हिशोब. ४२ लिहिलंत की तो ४२ धरून चालतो, लायसन सर्व्हरला एका शब्दाने विचारत नाही. एसएसीसीटीएमजीआर या स्लर्मच्या कमांडने रिसोर्स टाकताना सर्व्हर आणि सर्व्हरटाइप असे रकाने दिसतात, ती नुसती लेबलं. तेव्हा हिशोब दोन जागी बिघडतो. एक, जॉबने खरी गरज मागितलीच नाही. दोन, स्लर्मच्या बाहेरून कुणीतरी टोकन्स उचलली. तुमचे डिझायनर डेस्कटॉपवर सॉल्व्हर, म्हणजे अबॅकसचा गणित सोडवणारा भाग, चालवतात का?

पहिल्याचं गणित पक्कं आहे. अबॅकसला लागणारी टोकन्स म्हणजे ५ गुणिले कोअरचा ०.४२२ वा घात, अपूर्णांक सोडून. १ कोअरला ५, ४ ला ८, ८ ला १२, १६ ला १६, ३२ ला २१. १६ कोअरला १६ हा निव्वळ योगायोग आहे, आणि त्यामुळेच "जितके कोअर तितकी टोकन्स" असा समज पसरतो. कुणी २० कोअर घेऊन १६ मागितली की एक टोकन कमी, कारण लागतात १७. ३२ कोअरला ३२ मागितली की ११ फुकट अडली. माणसांवर सोडू नका. जॉब टाकताच चालणारी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे जॉब-सबमिटचा लुआ प्लगिन आहे, त्यात कोअरवरून आकडा काढून लायसनचा रकाना स्वतः भरा. जॉब कुणीही कसाही टाको, मागणी बरोबरच जाईल.

तपासणीबद्दल. बहुतेक लोक एक छोटा जॉब टाकतात, लायसन मिळतं, टाळी वाजवून घरी जातात. त्याने फक्त तार जोडलेली आहे एवढं कळतं. लायसन संपल्यावर काय होतं आणि धरणारा मेला तर काय होतं, हे मुद्दाम घडवून बघा. साध्या यूजरच्या नावाने, एसबॅच या जॉब टाकायच्या कमांडमधून, कंप्यूट नोडवर. १६ कोअरचे दोन जॉब सोडा, ३२ टोकन्स गेली. तिसरा टाका. एस-क्यूमध्ये, म्हणजे रांगेच्या यादीत, तो पेंडिंग आणि कारणाच्या जागी लायसन्सेस असं दिसलं पाहिजे. सुरू होऊन आत वाट बघत बसला तर सेटअप नापास. मग चालत्या जॉबच्या एका नोडची पॉवर काढा. सरळ काढा, शटडाउन नाही. आणि हेडवर एलएमस्टॅट बघत बसा. पुढचं तुम्हीच येऊन सांगा.

लॅबवाला_गंगापूररोड:

रूटकाकांचं बरोबर आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये मॅटलॅबच्या निमित्ताने आम्हाला भेटलेल्या आणखी दोन गोष्टी सांगतो.

यूजरच्या होम फोल्डरमध्ये डॉट फ्लेक्सएलएमआरसी नावाची लपलेली फाइल असते. एकदा लायसन मिळालं की त्यावेळचा सर्व्हरचा पत्ता तिथे नोंदला जातो. पुढे सर्व्हर हलवला तरी क्लायंट जुन्या पत्त्यावर डोकावत राहतो. टेस्टच्या आधी ती बाजूला करा, नाहीतर एका यूजरला चालतं, दुसऱ्याला नाही, आणि आपण डोकं खाजवत बसतो.

दुसरं, एसबॅच तुमच्या चालू शेलचं एन्व्हायरन्मेंट जॉबसोबत पाठवतो. म्हणजे तुमच्या बॅश-आरसी या शेलच्या सेटिंग फाइलमध्ये एलएम लायसन फाइल हे व्हेरिएबल सेट असेल तर तुमचा जॉब पास आणि शेजारच्याचा नापास. सॉफ्टवेअरच्या मॉड्यूल फाइलमध्येच ते टाकून द्या.

बाकी बाहेरून उचललेल्या टोकन्ससाठी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा. दर मिनिटाला एलएमस्टॅट वाचायचं, क्लस्टरबाहेरचा वापर मोजायचा आणि तेवढ्या टोकन्सचं लायसन-ओन्ली फ्लॅगवालं रिझर्व्हेशन स्लर्ममध्ये करायचं. मस्त चालतं.

अंबड_सीएई:

सगळ्यांचे मनापासून आभार. रूटकाकांनी न बघता सांगितलेलं जसंच्या तसं निघालं. अबॅकसएलएम ३८ हजारांतल्या कुठल्याशा पोर्टवर ऐकत होता आणि फायरवॉलमध्ये २७००० च्या जोडीला ४१ हजारांतला एक पोर्ट उघडा होता. २७०११ केला, दोन्ही पर्मनंट टाकले, हेड नोड दोनदा रीबूट करून पाहिला. नोड आणि डेस्कटॉप दोन्हीकडून एलएमस्टॅट येतंय. लुआही बसवला. तिसरा जॉब लायसन्सेस कारण दाखवून शहाण्यासारखा रांगेत थांबला.

आता पॉवर काढायची टेस्ट. दोन जॉब चालू ठेवून चौथ्या नोडची वायर ओढली. पाचेक मिनिटांनी स्लर्मने नोड डाउन दाखवला, जॉब आपोआप रीक्यू झाला, म्हणजे पुन्हा रांगेत लागला, आणि पाचव्या नोडवर सुरूही झाला. मी खूश. मग लॉग उघडला तर अबॅकस टोकनची वाट बघतोय. एलएमस्टॅटमध्ये वापरात ३२, त्यातली १६ बंद पडलेल्या चौथ्या नोडच्या नावावर! उरलेल्या १० मध्ये त्याला लागणारी १६ कुठून मिळणार? म्हणजे आमच्या त्या रात्रीच्या गोंधळामागे हेही असू शकतं. उन्हाळ्यात एक नोड गरम होऊन अधूनमधून बसायचा.

आणि हो, डिझायनर डेस्कटॉपवर सॉल्व्हर चालवतात. "छोटंसं मॉडेल आहे, दोन मिनिटं" म्हणत.

सातपूर_रूट:

वा, हेच बघायचं होतं. नोड मेला की स्लर्म आपल्या हिशोबातली १६ टोकन्स लगेच मोकळी करतो. लायसन सर्व्हरला मात्र कुणी कळवलेलंच नसतं. जॉब नीट संपला किंवा एस-कॅन्सलने मारला तर कनेक्शन बंद होतं आणि टोकन्स परत येतात. पॉवरच गेली तर निरोप द्यायला समोर कुणी उरत नाही. सर्व्हरला ते टीसीपी कीपअलाइव्हवरून, म्हणजे समोरचा जिवंत आहे का हे विचारणाऱ्या निरोपावरून, कळतं आणि लिनक्सवर त्याचा डीफॉल्ट ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास. हेड नोडवर सिसकंट्रोलने टीसीपी कीपअलाइव्ह टाइम ६०० करा आणि सिसकंट्रोल डॉट डी मध्ये फाइल करून ठेवा. तोवर अडलेली टोकन्स एलएमरिमूव्हने हाताने सोडवा. एलएमरिमूव्ह स्क्रिप्टमध्ये घालून आपोआप चालवू नका, एखाद्या दिवशी जिवंत जॉबच्या पायाखालची सतरंजी ओढाल.

डेस्कटॉपचं. लॅबवाल्यांचा क्रॉन चांगला आहे, पण दोनशे विद्यार्थ्यांच्या लॅबला. एका मिनिटाच्या फटीत डिझायनरने टोकन उचललं की गोंधळ होतोच, आणि ती स्क्रिप्ट सांभाळणाऱ्या तुम्ही एकट्या. मी असतो तर सरळ वाटणी केली असती. लायसन फाइलच्या फोल्डरमध्ये वेंडर डीमनच्या नावाची डॉट ऑप्ट फाइल करा. त्यात होस्ट ग्रुप बनवून डेस्कटॉपची नावं टाका आणि मॅक्स १० अबॅकस त्या ग्रुपला. स्लर्ममध्ये ४२ चे ३२ करा. डेस्कटॉपवाले दोन सिंगल कोअर रन चालवतील, तिसऱ्याने क्लस्टरवर टाकावा. ऑप्ट फाइलमधली रिझर्व्हची ओळ वापरू नका, ती टोकन्स कुणी वापरत नसलं तरी अडून राहतात. आणि सीएई, म्हणजे अबॅकसची मॉडेल बनवायची खिडकी, उघडून मॉडेल बनवायला वेगळं लायसन लागतं, त्यामुळे या वाटणीने त्यांचं मॉडेलिंग थांबत नाही. हे त्यांना आधीच सांगा, नाहीतर उगाच ओरड होईल.

अंबड_सीएई:

ओरड झालीच! पण ऑप्ट फाइल लागली. तिसऱ्या डेस्कटॉपला नकार मिळाला तेव्हा क्लस्टरवर टोकन्स शिल्लक होती, म्हणजे मर्यादा काम करतेय. कीपअलाइव्ह बदलून पुन्हा वायर ओढली, या वेळी टोकन्स दुपारच्या चहाआधी परत आली.

एकच राहिलं. साहेबांना एक मोठं मॉडेल दोन नोडवर ६४ कोअरने चालवायचंय.

सातपूर_रूट:

६४ ला २८ टोकन्स. ३२ मधली ४ उरतात, त्यात सिंगल कोअरही बसत नाही, म्हणजे तो चालू असेपर्यंत क्लस्टर बाकी सगळ्यांना बंद. आधी तेच मॉडेल ३२ कोअरवर थोडं चालवून वेळ मोजा. ६४ वर फारसा फरक पडत नसेल तर २१ मध्येच भागवा. उरलेल्या ११ मध्ये ४ कोअरचा एक जॉब सोबत चालेल. ६४ च लागत असतील तर शनिवारी रात्री टाका, आणि त्याआधी यूपीएसची बॅटरी बघून घ्या.