सकाळी जमीन १३ अंश, दुपारी २३: मका-ज्वारी आत्ताच पेरायची का?

पांभर
थंडी सरतेय. भारी काळी जमीन आहे. हवा दुपारी २८ ला जाते, पहाटे १२ ला येते. पाच सेंमी खोलीवर सकाळी ८ ला १३ अंश, दुपारी ३ ला २३. चाऱ्यासाठी मका आणि बहुकापणीची ज्वारी घालायची आहे, शिवाय एक तुकडा दाण्याच्या मक्याला ठेवलाय. तिन्ही एकदम उरकू का? कोरड्यात पेरून लगेच पाणी सोडलं तर दोन-चार दिवस वाचतील का?

वाफसा
दुपारचा आकडा सोडा, सकाळचा धरा. रात्रभर बी ज्या गारव्यात बसतं तो तोच. मक्याची वाढ १० अंशांखाली जवळपास थांबते. सलग चार सकाळी १२ च्या वर राहिलं की मका घाला. ज्वारीला निदान १५-१६ हवेत, बाजरीला १८. म्हणजे सकाळचे १३ असेच टिकले तर तुमचा मका पेरायला हरकत नाही, ज्वारी थांबवा. मोजताना थर्मामीटर उघड्यावर तापू देऊ नका आणि तीन जागी मोजा. पाणी साचणारा कोपरा हमखास गार निघतो.

कोरड्यात पेरून पाणी सोडणं मात्र नको. मक्याचं बी उगवायच्या आधी आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी ओढतं आणि पहिले एक-दोन दिवस ते नाजूक असतं. तेवढ्यात गार पाणी आत गेलं की पेशींची पटलं फाटतात. उकरून बघा: बी टम्म फुगलेलं, पण कोंब नाही, किंवा कोंब स्क्रूसारखा पिळवटलेला आणि पानं मातीखालीच उलगडलेली. मग बियाण्याच्या नावाने ओरड होते. आधी ओलवण (पेरणीपूर्वीचं पाणी) द्या, वाफसा (पेरणीजोगी ओल) येऊ द्या, मग मका ४-५ सेंमीवर टाका. पुढच्या दोन दिवसांत गार पावसाचा अंदाज असेल तर पाभर (पेरणीचं अवजार) बाहेर काढूच नका.

उगवणीचा हिशोब सोपा आहे. हवेचं दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवा, निम्मे करा, १० वजा करा. मक्याला उगवायला अशी सुमारे ६७ एकके लागतात. २८ आणि १२ धरले तर रोज १०, म्हणजे सात दिवस. कमाल २४ वर आलं आणि किमान १० च्या खाली गेलं (तेव्हा १० च धरायचं) तर रोज ७, म्हणजे दहा दिवस. हे तीन जादा दिवस ओल्या गार मातीत काढले की बी कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं.

ओंबी
वरचं पटतंय, पण दाण्याच्या मक्याचा हिशोब उलटा करा, तुऱ्यापासून मागे. तुरा आणि स्त्रीकेसर (कणसाचे केस) बाहेर येताना पारा ३८ च्या पुढे आणि वारा कोरडा असला तर पराग मरतात, केसर उशिरा निघतं आणि कणसं दातपडकी भरतात. त्यामुळे ऊन तापायच्या आत तुरा यावा म्हणून आधी दाण्याचा तुकडा पेरा, चारा आठवड्याने. चाऱ्याचं पीक दाणे भरायच्या आतच कापायचं, त्याला ही भीती कमी.

पेरणीनंतर जोराची सर आलीच तर पापडीकडे (मातीवर वाळून बसणाऱ्या कडक थराकडे) लक्ष ठेवा. ज्वारी-बाजरीचा कोंब ती फोडू शकत नाही. कोंब वर यायच्या आत तुषारने हलकं पाणी द्या.

पांभर
ओलवण देतो, वाफसा आला की मका, दाण्याचा आधी. ज्वारी १६ अंशांना. पुढचा प्रश्न ज्वारीचाच: मध्ये पाण्याचा ताण बसला आणि चारा कमी पडला, तर गुडघाभर ज्वारी कापून घालता येईल?

कडबाकुट्टी
अजिबात नाही. किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागतं ते याच अवस्थेत. कोवळ्या पानांत सायनाइड तयार करणारं द्रव्य सर्वांत जास्त असतं, आणि ताणानंतर पाणी मिळून आलेले फुटवे तर आणखी वाईट. साधारण ७५ सेंमीच्या आत तोंड लावू देऊ नका. निम्म्या ताटांना फुलोरा येईपर्यंत थांबलात तर उत्तम. कापून चांगली वाळवली की हे विष बरंच उडून जातं, मुरघासातही (हवाबंद आंबवलेल्या चाऱ्यातही) घटतं.

चाऱ्यातलं दुसरं विष नायट्रेट, त्याचं तसं नाही, ते वाळवूनही जात नाही. युरियाची मात्रा जास्त आणि वर ताण, की ते बुडाशी साठतं. ताणानंतर पाऊस पडला की लगेच कापू नका, आठवडाभर थांबा.

दोन्हींत जनावर धापा टाकतं, थरथरतं. फरक रक्तात दिसतो: किराळात लालभडक, नायट्रेटमध्ये चॉकलेटी. दोन्हींवरची औषधं वेगळी, म्हणून पशुवैद्याला बोलावतानाच हा रंग सांगा. नायट्रेटचा संशय असला तर कापणी वीतभर वरून करा आणि खालची खुंटं शेतातच राहू द्या.