तरुण संघाला घेऊन नेपाळला मिशन ट्रिप – कुणी गेलंय का? सल्ला पाहिजे

मलप्रभाकाठ:
सलाम सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातली, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारची शाळा आणि तरुण संघ बघते. आमच्या पाळकांच्या ओळखीतनं चितवनकडच्या एका नेपाळी मंडळीनं बोलावलंय, त्यांच्या तरुणांबरोबर शिबिर, गाणी, नाटिका आणि जवळच्या वस्तीतल्या मुलांचा थोडा अभ्यास घेणं असं काम आहे. आमची पोरं-पोरी सोळा ते बावीसची, बहुतेक मराठी मीडियमची, गोव्याच्या पलीकडं कुणी गेलेलं नाही. दसऱ्याच्या सुट्टीत जायचं म्हणतोय. घरचे विचारतात पासपोर्ट लागतो का, पोरीला एवढ्या लांब पाठवू का, तिथं काही लफडं झालं तर कोण बघणार, आणि मला त्यांना नीट उत्तर द्यायचंय. शिवाय दोघीजणी म्हणतात की त्यापेक्षा एखाद्या मोठ्या संस्थेतनं जावं. अनुभव असेल त्यांनी सविस्तर सांगा प्लीज.

निपाणीकर:
ताई, त्यांनी स्वतःहून बोलावलंय ना, मग जावा. आम्ही आमच्या तरुणांना घेऊन तराईत, म्हणजे नेपाळच्या सपाटीच्या भागात, जाऊन आलोय म्हणून सांगतो.

आधी कागदं. आपल्याला नेपाळला व्हिसा नाही, पासपोर्ट असला तर उत्तमच, नसला तर अठरा पूर्ण झालेल्यांना मतदार ओळखपत्र चालतं. पण आधार आहे की म्हणून कुणी निवांत बसू नका, आधार फक्त 15 च्या आतल्यांना आणि 65 च्या वरच्यांना चालतं. 15 ते 18 मधल्यांना शाळेच्या हेडमास्तरांचं ओळखीचं सर्टिफिकेट लागतं ठरलेल्या नमुन्यात, ते सुट्टी लागायच्या आधी घ्या नाहीतर शाळेला कुलूप आणि तुम्ही गेटवर. आणि आपल्याकडं आधारवर कानडीतनं उतरवलेलं नाव एक आणि मराठी शाळेच्या दाखल्यावर स्पेलिंग दुसरंच असतं, ते आत्ताच तपासा. अठराच्या आतल्यांच्या आईवडिलांचं लेखी संमतीपत्रही फोन नंबरसकट जवळ ठेवा.

आता महत्त्वाचं. नेपाळच्या 2015 च्या राज्यघटनेत कलम 26 मध्येच दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे, आणि 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्याला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे, परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगल्यावर 7 दिवसांत देशाबाहेर. म्हणून रस्त्यावर पत्रकं वाटणं, वस्तीतल्या पोरांना वह्या-खाऊ देऊन लगेच प्रार्थना घेणं, हे अजिबात नको. अभ्यास घ्यायचा तर अभ्यासच घ्या. प्रार्थना आणि साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं, मंडळीच्या आत, तिथल्या पास्टरांनी सांगितलं तरच. सगळ्यात जास्त सांभाळायचं म्हणजे पोरांचे मोबाईल. आपण फोटो स्टेटसला टाकून घरी येतो आणि चौकशी त्या पास्टरांची होते. आम्ही ठरवूनच टाकलेलं की तिथल्या मुलांचे फोटो नाहीत आणि परत आल्यावरही पास्टरांना विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही.

कॅम्प_बेळगाव:
मी कॅथलिक आहे, आमच्याकडं फादरांबरोबर युवकांचे कार्यक्रम वेगळ्या पद्धतीनं होतात, पण लहान मुलांच्या बाबतीतलं सगळ्यांना सारखंच लागू. कुणी अनाथाश्रमात न्यायचं म्हटलं तर स्पष्ट नाही म्हणा. नेपाळमधल्या अशा आश्रमांतल्या बऱ्याच मुलांचे आईवडील जिवंत असतात, शिक्षणाच्या नावाखाली गावाकडनं आणलेली असतात, आणि बाहेरचे पाहुणे व देणगी येत राहते म्हणून ती तिथंच राहतात. आपली पोरं चार दिवस लाड करून निघून आली की त्या लेकरांना पुन्हा कुणीतरी सोडून गेल्यासारखं होतं. मला याची खरंच चीड येते, म्हणून इतकं लिहितोय.

आणि तुमच्या टीमसाठी नियम घालाच. कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर एकटा नको, दोघं पाहिजेतच. मुलींच्या झोपायच्या खोलीची व्यवस्था निघायच्या आधी फोनवर पक्की करा. जबाबदार म्हणून जाणाऱ्यांनी पोलिसांकडनं चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून घ्या. आईवडिलांच्या मीटिंगमध्ये ते कागद समोर ठेवलात की अर्धी काळजी तिथंच मिटते बघा.

मलप्रभाकाठ:
खूप खूप आभार दोघांचे. अनाथाश्रमाचं त्यांच्या यादीत होतं, अर्धा दिवस, ते काढायला सांगते. संस्थेचं कुणी सांगेल का?

वडगावचा_पेटीवाला:
संस्था वाईट नाहीत, पण त्यांचा हिशोब वेगळा. वायवॅम ही तरुणांची मोठी मिशन संस्था, तिचा डीटीएस हा शिष्यत्वाचा कोर्स म्हणजे आधी काही महिने वर्गात शिक्षण आणि मग आउटरीच, म्हणजे बाहेर जाऊन सेवा, सुट्टीत उरकणारं काम नव्हे ते. ओएम या दुसऱ्या मिशन संस्थेच्या लोगोस होप जहाजावर जायला किमान 18 पाहिजे आणि सगळीकडं पैसे स्वतःच उभे करायचे असतात. त्या दोघी बावीसच्या असतील आणि मनापासून देवाचं बोलावणं वाटत असेल तर वर्ष-दोन वर्षांनी जरूर जाऊदेत. पण तरुण संघाची पहिली ट्रिप मंडळीनं मंडळीकडं जाणंच चांगलं, कारण परत आल्यावर नातं राहतं, पुढच्या वर्षी त्यांची पोरं इकडं येतात.

तिथल्या पद्धती पोरांना आधी सांगून ठेवा. नेपाळमधे बऱ्याच मंडळ्यांची उपासना शनिवारी असते, कारण सुट्टीचा वार तो. चपला बाहेर काढून खाली सतरंजीवर बसायचं, बहुतेक ठिकाणी बाया एकीकडं बापये एकीकडं, आणि भेटल्यावर दोन्ही हात जोडून "जय मसीह". लिपी देवनागरीच असल्यामुळं आपली पोरं नेपाळी गाणी बघून वाचू शकतात, दोन-तीन गाणी पाठ करून जावा, तिथं नुसतं गायला लागलात तरी म्हाताऱ्या बाया येऊन पोरींच्या डोक्यावरनं हात फिरवतात. जेवण सकाळी दहाच्या सुमारास डाळभात आणि संध्याकाळी परत डाळभात, भाकरी नाही म्हणून तोंड वाकडं करायचं नाही हे घरीच बजावा. पेटी-तबला त्यांच्याकडं असतोच, आपली टाळ तेवढी न्या.

एक शंका मात्र आहे. दसऱ्याला तिथं दशैं असतो, त्यांचा सगळ्यात मोठा सण. शाळा बंद, सगळा देश गावाकडं निघालेला, बसला पाय ठेवायला जागा नाही. काही मंडळ्या मुद्दाम याच सुट्टीत तरुणांची शिबिरं ठेवतात, पण वस्तीतला अभ्यासवर्ग त्या दिवसांत जमणार नाही. पास्टरांना विचारा.

निपाणीकर:
हे बरोबर बोललात. आणि पैशाचं राहिलं, आपल्या 100 रुपयांचे त्यांचे 160 होतात, तो दर ठरलेलाच आहे. पोरांकडनं वर्गणी घेताना गरीब घरच्यांचं मंडळीनं उचलावं पण गुपचूप, यादी वाचून दाखवू नका.

मलप्रभाकाठ:
पाळकांनी आज फोन लावला. ते म्हणतात शिबिर दशैंतच आहे, त्यासाठीच बोलावलंय, अभ्यासवर्ग त्यांनी आपल्या आग्रहासाठी म्हणून धरलेला. मग तो काढला, शिबिरात स्वयंपाक, गाणी आणि लहान पोरांना सांभाळणं एवढंच करणार. आता रेल्वेचं सांगा, गोवा एक्स्प्रेसनं झांशी आणि तिथनं गोरखपूर धरू का?

निपाणीकर:
होय, आम्ही तसंच गेलो, गोरखपूरहून सोनौलीची बॉर्डर बसनं. पण सणाचे दिवस आहेत, बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी सकाळी आठला बसा. आणि झांशीत दोन गाड्यांमधे भरपूर वेळ ठेवा, गोवा एक्स्प्रेस लेट झाली तर एवढ्या पोरांना घेऊन पळापळ नको.